ऑलिव्ह पिल्बीमच्या दारातली रांग

साम्राज्यं बुडतात, राजे जातात, नद्या पात्रं बदलतात. पण इंग्रज खेड्याची आठवण युगानुयुगं अभंग राहते.

हे वाक्य नेदर विक्सली गावच्या आठवण समितीने आपल्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं. सभेची तारीख छापायला मात्र समिती विसरली.

तरीही सभा झाली. आणि त्यानंतर जे झालं, ते खरं आहे.

भुताची गोष्ट सांगणारा प्रत्येक जण असंच म्हणतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण या गोष्टीत अमावास्या नाही. मध्यरात्र नाही. पिंपळ तर आमच्या सफोक परगण्याच्या हवेत जगतच नाही. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातला तिसरा शनिवार होता आणि सकाळचे साडेआठ वाजले होते.

आमच्याकडची भुतं दुकानाच्या वेळा पाळतात.

गावात आता एकही दुकान उरलेलं नाही. पाट्या मात्र भरपूर आहेत. पोस्ट बंद झालं, त्या घरावर 'जुनं पोस्ट' अशी पाटी लागली. आत एक दंतवैद्य राहतात आणि पत्र टाकायला चार मैल जातात. लोहार गेला, 'जुनी लोहारशाळा' आली. 'थ्री टन्स' हा पब तीनशे वर्षं चालला. आता त्यात चार बिऱ्हाडं आहेत आणि चौघांनी मिळून अर्ज केलाय की रस्त्यावर कुणी मोठ्याने हसू नये. जे जे मेलं, त्याला नाव मिळालं.

थेल्मा पिल्बीमला या पाट्यांचं काही नव्हतं. तिचं भांडण एकाच पाटीशी होतं.

थेल्मा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. गावच्या शाळेत छत्तीस वर्षं कारकून. अर्जातला शब्द न् शब्द बरोबर होईपर्यंत ती कुणाला कचेरीतून सोडत नसे. तिची आई ऑलिव्ह चर्च लेनमधल्या चार नंबरच्या घरात राहायची. आई वारली, कॅनडातल्या भावाने घर विकून टाकलं, आणि लंडनहून हॅरिएट लॅसेल नावाची बाई नवऱ्यासह तिथे राहायला आली. हॅरिएटने मागच्या खोलीतला गिलावा पाडला. आत विटांचं एक मोठं कमानदार चुलाण निघालं.

पंधरा दिवसांत दारावर पाटी लागली.

'जुनी बेकरी'.

थेल्मा पाटी वाचून आधी हसली. त्या वर्षातलं तिचं ते शेवटचं हसू.

कारण तिथे बेकरी कधी नव्हतीच. नेदर विक्सलीत पाव व्हॅनमधून यायचा, मंगळवारी आणि शुक्रवारी. आणि ते चुलाण कपडे उकळायचं होतं. त्यावर तांब्याचं भलंमोठं भांडं बसवलेलं असायचं. ऑलिव्ह पिल्बीम लोकांचे कपडे धुवायची. डॉक्टरांचे सदरे, पाद्रीबाबांचे झगे, थ्री टन्सची टेबलावरची कापडं, क्रिकेटवाल्यांच्या अकरा पांढऱ्या पँटी. एकेचाळीस वर्षं तिने अख्ख्या गावाची कॉलर ताठ ठेवली.

सगळा व्यवहार मागच्या दाराने चालायचा. पुढच्या दाराने गावातलं कुणी कधी आलं नाही. मागे यायचे, नुसतं "ऑलिव्ह" म्हणून हाक मारायचे आणि गाठोडं टाकून जायचे. डॉक्टरांची बायको तर गाठोडं पायाने आत सरकवायची, वाकायला नको म्हणून. थेल्मा तेव्हा सात वर्षांची होती. तो बूट तपकिरी होता, हे ती आजही सांगेल.

म्हणजे, आत्तापर्यंत सांगायची.

थेल्मा हॅरिएटकडे गेली. आमच्याकडे राग आला की आवाज चढत नाही, उतरतो, आणि वाक्याच्या तोंडाशी 'माफ करा हं, पण' येऊन बसतं. माफ करा हं, पण ही बेकरी नव्हती, असं थेल्माने सांगितलं. हॅरिएटने सगळं मान वाकडी करून ऐकलं. किती गोड आठवण, म्हणाली. चहा दिला. पाटी होती तिथेच राहिली.

मग थेल्माने ग्रामसमितीला पत्र लिहिलं. मग दुसरं लिहिलं. अकराव्या पत्राला उत्तर आलं, की पाटीच्या अक्षरांचा आकार नियमात बसतो.

याच सुमाराला शनिवारचं ते सुरू झालं.

पहिल्यांदा पार्सलवाला. हॅरिएटने खिडकीतून पाहिलं, तर तो खोकं हातात धरून फाटकाशी उभा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दार वाजवेना, हलेना. मग एक पाऊल पुढे आला... थांबला. थोड्या वेळाने आणखी एक पाऊल... थांबला. पाव तासाने दाराशी पोचला, तेव्हा हॅरिएटने विचारलं, बाबा रे, एवढा वेळ काय करत होतास?

तो गोंधळून म्हणाला, "माझा नंबर आला नव्हता."

पुढच्या शनिवारी पळायला निघालेला एक माणूस तसाच थांबला. त्याच्या पुढच्या शनिवारी पाद्रीबाई. त्या तर हातात छत्री मिटून, अगदी शिस्तीत, एकेक पाऊल सरकत होत्या. दाराशी पोचल्यावर दचकल्या आणि आपण मीटरचा आकडा घ्यायला आलो आहोत असं काहीतरी सांगून निघून गेल्या.

घरातही आवाज यायचा. टिंग... दुकानाच्या दारावर असते तशी घंटा. हॅरिएटच्या दारावर घंटा नव्हती.

आणि वास.

ताज्या पावाचा.

हॅरिएटला हे सगळं फार मोहक वाटलं. घराला स्वतःची आठवण आहे, असं ती थेल्माला फाटकावरून सांगत होती. थेल्माचा आवाज इतका उतरला की हॅरिएटला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"इथे पाव कधी भाजलाच नाही, तर वास कुणाच्या आठवणीतला येतोय, बाई?"

हॅरिएटने पुन्हा चहाचं विचारलं.

मग ती सभा. गुरुवारी दुपारी तीन वाजता, गावच्या हॉलमध्ये, चहा-बिस्किटांसह. गावातली दुकानं आणि पब यांच्या आठवणींची पुस्तिका निघायची होती. समितीचे चिटणीस क्लाइव्ह डनेट यांनी भिंतीवर नकाशा लावला होता. आयुष्यभर विमा कंपनीत काढलेला माणूस. भूकंप झाला तरी तो आधी रकाना शोधील. जो जे आठवेल ते सांगायचा आणि क्लाइव्ह तिथे टाचणी लावायचे. थ्री टन्सला टाचणी लागली. खाटकाला लागली. बिया-खतांच्या दुकानाला लागली.

तेवढ्यात नॉर्मन क्रॅस्क उठला. वय एक्याऐंशी. लहानपणापासून थेल्माच्या शेजारचा.

"आणि आपल्या ऑलिव्हबाईंची बेकरी," तो म्हणाला.

थेल्माला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

पण नॉर्मन चेष्टा करत नव्हता. दर शनिवारी आपण त्या रांगेत उभे राहायचो, असं तो सांगत होता. मग मागून कुणीतरी म्हणालं, ईस्टरचे ते क्रॉसवाले बन आठवतात का? आठवतात, म्हणून चार माना हलल्या. कुणाला काउंटरवरचा पितळी तराजू आठवला. कुणाला ऑलिव्हबाईंचा पांढरा एप्रन. एकीला रांगेत आपलं लग्न ठरल्याचं आठवलं. बघता बघता सात जण झाले. सगळे गावात जन्मलेले. सगळ्यांच्या बापांचे सदरे ऑलिव्हने धुतलेले.

क्लाइव्हनी चार नंबरच्या घरावर टाचणी लावली.

थेल्मा उभी राहिली.

"नॉर्मन," ती म्हणाली, "पाव व्हॅनमधून यायचा. तू त्या व्हॅनच्या मागे लोंबकळायचास. एकदा पडलास आणि पुढचा दात पाडून घेतलास. माझ्या आईने तुझ्या सदऱ्यावरचं रक्त धुतलं, तुझ्या बापाला कळू नये म्हणून."



नॉर्मनने जीभ फिरवून त्या जागी दात नाही याची खात्री केली. मग त्याचा चेहरा उजळला.

"दात गेला हे खरं. पण तो तुझ्या आईच्या पावाच्या कडेने गेला गं. काय कडक कड असायची."

सगळे प्रेमाने हसले.

तेवढ्यात कुणीतरी थेल्माच्या खांद्यावर हात ठेवला. या वयात होतं असं, ती व्यक्ती म्हणाली. दवाखान्यात मंगळवारी विसरभोळ्यांसाठी गप्पांचा वर्ग असतो, बिस्किटंही देतात. थेल्माने तो हात उचलून ज्याचा त्याला परत दिला.

मग ती क्लाइव्हकडे गेली. टाचणी काढा, म्हणाली. माझ्या आईने एकेचाळीस वर्षं या गावाचा मळ काढला. तेवढं एक वाक्य छापा. दुसरं काही नको.

क्लाइव्ह वाईट माणूस नाहीत, आणि त्यामुळेच जास्त राग येतो. त्यांनी समजावलं, की पुस्तिका दुकानं आणि पब यांची आहे. मागच्या दारच्या धुण्याला त्यात रकाना नाही. मात्र बेकरीबद्दल हरकत असेल, तर ते चुलाण कपड्यांचंच आहे असा घरमालकिणीच्या सहीचा कागद आणा. शनिवारी दुपारी बारापर्यंत. सोमवारी छपाईला जातंय.

शुक्रवारी थेल्मा आमच्याकडे, म्हणजे गावचं वार्तापत्र काढणाऱ्यांकडे, आली. दोन तास बसली. चुलाण, तांब्याचं भांडं, तो तपकिरी बूट, सगळं सांगितलं, आणि आम्हाला लिहून घ्यायला लावलं. शेवटी म्हणाली, "त्यांनी तिला जिवंतपणी मागच्या दाराशी ठेवलं. आता मेल्यावर तिथूनही हाकलताहेत."



शनिवार उजाडला तो धुक्यात. असं धुकं, की चर्चचा मनोरा कमरेपासून वर नव्हता. थेल्मा साडेआठला चर्च लेनमध्ये शिरली. काखेत रिकामी पिशवी, हातात टाइप केलेला कागद, खाली सहीसाठी टिंबांची रेघ. बोलायची वाक्यं तिने पाठ केली होती. त्यांत 'माफ करा हं' कुठेच नव्हतं.

लेन रिकामी होती.

ती तरातरा फाटकापर्यंत गेली.

आणि थांबली.

का थांबली, ते तिला कळेना. पुढे कुणीच नव्हतं. फाटकापासून दारापर्यंत दहा-बारा पावलं, ओली फरशी, बस्स. पण पाय उचलेना. जणू कुणाच्या तरी पाठीला आपण धडकू, असं वाटत होतं.

तिने कान दिला.

वेताची टोपली करकरली... अगदी पुढ्यात.

कुणीतरी बूट आपटून पाय गरम केले...

कुणीतरी खोकलं. दोन ठसके, मग एक घोट गिळल्याचा आवाज. हा खोकला थेल्मा ओळखत होती. थ्री टन्सच्या मालकाचा. त्याला जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली होती.

थेल्माचा राग भीतीच्या आधी आला होता आणि जागा सोडायला तयार नव्हता. तिने मान ताठ केली आणि सरळ दाराकडे चालायला सुरुवात केली.

तिसऱ्या पावलाला मागून आवाज आला.

"अहं."

तेवढाच.

किंकाळी नाही. हसणं नाही. रांग मोडणाऱ्याला पाहून घसा साफ करतात, तसा आवाज. मग दुसऱ्या घशातून... मग तिसऱ्या... धुक्यात, डावीकडे, उजवीकडे, सगळीकडून. अहं. अहं.

थेल्मा पिल्बीम आयुष्यात कुणाला घाबरली नव्हती. पण ती इंग्रज होती.

ती मागे फिरली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

शेवट कुठे आहे हे तिला कसं कळलं, कुणास ठाऊक. थोड्याच वेळात तिच्या मागेही कुणीतरी येऊन उभं राहिलं. मानेवर श्वास लागत होता.

थंडगार.

टिंग...

सगळे एक पाऊल पुढे सरकले. तीही सरकली.

पावाचा वास येऊ लागला. दर वेळी घंटा वाजली की दाराशी बोलणं ऐकू यायचं. आधी पुसट. मग स्पष्ट.

"गुड मॉर्निंग, मिसेस पिल्बीम."

थेल्माने हे तीन-चारदा ऐकलं, तेव्हा कुठे तिला ते शब्द नीट कळले. मिसेस पिल्बीम. चौऱ्याहत्तर वर्षांत तिने आपल्या आईला कुणी मिसेस म्हटलेलं ऐकलं नव्हतं. कबरीच्या दगडावरसुद्धा नुसतं ऑलिव्ह होतं.

आणि ही सगळी माणसं पुढच्या दाराशी उभी होती.

टिंग... एक पाऊल.

मागून आवाज आला. बारीक, अदबीचा. डॉक्टरांच्या बायकोचा. ती थेल्माशी बोलत नव्हती, बहुधा आणखी मागच्या कुणाशी. "आज उशीर झाला मला. मिसेस पिल्बीम रागावणार."

थेल्माने वळून पाहिलं नाही. खाली पाहिलं. धुक्यात तिच्या टाचेमागे एक बूट दिसत होता. तपकिरी. तो आपली पाळी येण्याची वाट बघत होता.

टिंग...

दार उघडलं.

आत काय होतं, ते थेल्माने आम्हाला त्याच दुपारी सांगितलं, पण तुटक तुटक. हॅरिएटचा दिवाणखाना नव्हता. काउंटर होतं. मागच्या फळ्यांवर पाव. आणि मध्ये तिची आई, पांढरा एप्रन बांधून.

थेल्मा आधी हातांकडे बघत राहिली. तिला ते हात पाठ होते. सोड्याने सोललेले, भेगांतून रक्त येणारे, रात्री चरबी चोळून फडक्यात बांधून ठेवायचे हात. त्या हातांनी आई कधी कुणाचा गाल कुरवाळत नसे, खरखरीत लागेल म्हणून.

काउंटरवरचे हात धड होते.

कोरडे होते. त्यांना नखं होती.

"पुढचं कोण?" आई म्हणाली.

तिने थेल्माला ओळखलं नाही. निदान तसं दाखवलं नाही. दुकानदारीण गिऱ्हाईकाकडे बघते तसं बघितलं, अंगावरून, घाईत, जराशा तोऱ्यात. हा तोरा थेल्माने आईच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. फार शोभत होता.

थेल्माच्या हातात तो कागद होता. इथे बेकरी कधी नव्हती, असं त्यावर टाइप केलेलं होतं. खाली टिंबांची रेघ.

तो पुढे केला तर काय होईल, हे तिला आपोआप कळलं, असं ती म्हणाली. हे काउंटर विरेल. पुढचं दार बंद होईल. आणि ही बाई पुन्हा मागच्या खोलीत जाईल... वाफेत.

मागे डॉक्टरांची बायको हलकेच खाकरली.

"बोला, बाई," आई म्हणाली. "माणसं खोळंबलीत."

थेल्माने तोंड उघडलं.

इथपर्यंतच तिने सांगितलं. पुढे काय बोलली, ते आम्ही विचारलं. ती घड्याळाकडे बघून उठली आणि भांडी पडलीत म्हणून घरी गेली.

हॅरिएटचं म्हणणं असं, की तिने खिडकीतून पाहिलं तेव्हा थेल्मा फाटकाशी उभी होती. पाऊण तासाने दाराशी आली. दार वाजवलं नाही. मग परत वळली. पिशवी छातीशी धरली होती, दोन्ही हातांनी, आत काहीतरी गरम असल्यासारखी. हॅरिएटने हाक मारली, तर म्हणाली, "पाटी जरा पुसत जा. धूळ बसते."

उंबऱ्याशी एक टाइप केलेला कागद पडला होता. सही नव्हती.

आणि त्या फरशीवर, फाटकापासून दारापर्यंत, धुक्याच्या ओलीत पावलांचे ठसे होते. एकामागे एक. हॅरिएटने मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं. त्या दिवसापासून तिला ते मोहक वाटत नाही. घर विकायला काढलंय. जाहिरातीत 'जुनी बेकरी' असंच लिहिलंय.

आम्ही ही हकीकत शुक्रवारच्या त्या टिपणांवरून लिहितोय. टिपणं आमच्याच अक्षरातली आहेत. तरी वाचताना दर वेळी अडखळायला होतं. चुलाण, तांब्याचं भांडं, मागचं दार... हे कुणी सांगितलं, कशावरून लिहिलं, असं वाटतं. कारण खरं सांगायचं तर आम्हालाही आता आठवतं ते वेगळंच. शनिवारची सकाळ, हातात टोपली, आणि पुढे सातआठ माणसं.

थेल्माला टिपणं दाखवली. तिने सगळी वाचली. शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि परत दिली.

सोमवारी सकाळी, छपाईच्या आधी, क्लाइव्ह डनेटना तिचं पत्र मिळालं. बारावं, आणि सगळ्यांत छोटं. ते त्यांनी आम्हाला दाखवलं.

'महोदय,

पुस्तिकेच्या कच्च्या प्रतीत, नवव्या पानावर, मिसेस ऑलिव्ह पिल्बीम यांची बेकरी शनिवारी दुपारी एकपर्यंत उघडी असे, असं म्हटलं आहे. ते चूक आहे. साडेबारालाच बंद होत असे. त्यापुढे आईचे पाय दुखायचे.

तेवढी अर्ध्या तासाची दुरुस्ती करावी, ही विनंती.'